काचेच्या पेटीतला समुद्र

गेल्या रमजानमधली गोष्ट. तिसरा आठवडा चालू होता. सहरीसाठी उठलो, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि बैठकीच्या खोलीकडे नजर गेली. खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे अगदी वरच्या थराशी येऊन भराभर तोंडे उघडत-मिटत होते. एरवी त्या वेळी ते खडकांच्या सांदीत निपचित असतात. हातोडीच्या टोकांसारखे शुंड फुलवून डोलणारे हॅमर जातीचे प्रवाळ आक्रसून आपल्या सांगाड्यात शिरले होते. क्लीनर झिंगा काचेला चिकटून बसला होता. हिरवट-निळा क्रोमिस मासा वाळूवर आडवा पडला होता.

त्या दिवशी सहरी कशीबशी झाली. क्रोमिस गेला तो गेलाच. बाकीचे वाचले, अल्‌हम्दुलिल्लाह. सकाळी शाळेला निघताना आठ वर्षांच्या लेकीने विचारले, "अब्बा, तो समुद्रात असता तर चांगल्या पाण्याकडे पोहून गेला असता ना?" त्या वेळी आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो त्याचा हिशेब आहे. आम्ही शारजात राहतो, गाव राजापूर तालुक्यात खाडीकाठी. इकडे आखातात आपल्या अनेक कोकणी घरांत अशा टाक्या दिसू लागल्या आहेत. गावाकडेही गोड्या पाण्याच्या टाक्या घरोघरी आहेत. पाणी बिघडले की काय करायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, हे दोन्हीकडच्या वाचकांच्या उपयोगी पडावे.

पेटीत नेमके काय चालते

आमची टाकी मध्यम आकाराची. खडक आणि वाळू वजा जाता त्यात २५० लिटरच्या आसपास पाणी आहे. खाली कपाटात दुसरी छोटी टाकी. तिथे कचरा अडवणारी कापडी पिशवी आणि प्रोटीन स्किमर असतो. समुद्रकाठी लाटांबरोबर मळकट फेस येतो, तोच प्रकार हे यंत्र करते. बारीक बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसाबरोबर वर उचलते आणि एका भांड्यात गोळा करते.

माशाला घातलेल्या अन्नाचे पुढे काय होते, हे कळले की निम्मे कोडे सुटते. मासा खातो, मलमूत्र टाकतो. उरलेले अन्न कुजते. दोन्हींतून अमोनिया तयार होतो आणि तो थोडासुद्धा विषारी असतो. खडकावर आणि वाळूत राहणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट मानाने सौम्य, पण ते साचत जाते. सच्छिद्र खडकाच्या आतल्या भागात प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जीवाणू थोड्याफार नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून त्याला बाहेर काढतात. बाकीचे आपण पाणी बदलून काढायचे. अन्नातूनच फॉस्फेटही येते. ते वायू होऊन उडून जात नाही. पाण्यात राहते, नाहीतर खडकात मुरते.

सोप्या शब्दांत सांगायचे तर टाकीत जे घातले जाते ते कुठल्या ना कुठल्या रूपात टाकीतच राहते, आपण बाहेर काढेपर्यंत. आमच्या अम्मींना फोनवर हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपल्या खाडीत दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. तुमच्या पेटीत पाणी कोण नेतं नि कोण आणतं?" अम्मींचे सारे आयुष्य खाडीकाठी गेले. त्यांनी कधी टाकी पाळली नाही, पण पहिला नेमका प्रश्न त्यांनीच विचारला.

रोजा आमचा, जेवणे माशांची

रमजान सुरू होईपर्यंत टाकीचे बरे चालले होते. पहिल्या दहा दिवसांत काच रोज हिरवी दिसू लागली. मग खडकांवर केसांसारखे शैवाल वाढले. वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर आला. चाचणी केली तेव्हा नायट्रेट लिटरमागे ५० मिलिग्रॅम निघाले, फॉस्फेट ०.४. आमच्यासारख्या टाकीत नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असावे, असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो.

कारण घरातच होते, पण ते आम्हाला उशिरा कळले. एरवी माशांना संध्याकाळी एकदा खाणे मिळायचे. रमजानमध्ये घराचे सगळे वेळापत्रक बदलले. इफ्तार झाल्यावर मुलगा खाणे घालायचा, कारण ते त्याचे ठरलेले काम. तरावीहहून परतल्यावर मासे काचेशी येऊन घुटमळताना दिसत, म्हणून आम्ही एक चिमूट टाकायचो. सहरीला लेक जागी व्हायची आणि "त्यांची पण सहरी" म्हणून गोठवलेल्या झिंग्यांची एक वडी सोडायची. प्रत्येकाला वाटायचे की आपणच काय ते घालतो. रोजा आमचा होता आणि माशांचे जेवण तिप्पट झाले होते. त्यात ती वडी ज्या पाण्यात विरघळायची ते पाणीही तसेच टाकीत जायचे. त्या पाण्यात भरपूर फॉस्फेट असते.

दुसरी चूक अशीच, रमजानच्या गडबडीतली. कचरा अडवणारी कापडी पिशवी दर तीन दिवसांनी धुवायची असते. ती दोन आठवडे तशीच राहिली. पिशवीने अडवलेली घाण पाण्याच्या वाटेतच असते. पिशवी धुतली नाही तर ती घाण तिथेच कुजते आणि पुन्हा पाण्यात मिसळते.

तिसरी चूक सर्वांत मोठी. शैवाल बघून आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने शैवालाचा रंग विचारला आणि शैवाल मारणारी एक बाटली दिली. नायट्रेट किती, खाणे किती, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. ईदच्या आधी टाकी स्वच्छ दिसावी, पाहुणे येणार, या घाईत आम्ही लिहिलेल्या मात्रेपेक्षा जास्त औषध ओतले. शैवाल मेले खरे. पण मेलेले शैवाल गेले कुठे? टाकीतच कुजू लागले. कुजवणारे जीवाणू प्राणवायू वापरतात. रात्री दिवे बंद असले की उरलेले शैवालही प्राणवायू सोडत नाही, उलट वापरते. म्हणून पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. आम्ही सहरीला उठलो ती नेमकी हीच वेळ होती. रोज्यासाठी जाग आली नसती तर सकाळी पाचही मासे मेलेले दिसले असते.

त्या पहाटे काय केले

अशी वेळ कोणावर आली तर उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहितो.

पहिले, पाणी फिरवणाऱ्या पंपाचे तोंड वरच्या दिशेने वळवले. पाण्याचा पृष्ठभाग जोरात हलू लागला की हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो. काही मिनिटांत मासे थोडे सावरले. दुसरे, खिडकी उघडली. तिसरे, जाळीने आणि नळीने जेवढे मेलेले शैवाल काढता आले तेवढे ओढून काढले. चौथे, सक्रिय कोळशाची पिशवी वाहत्या पाण्यात ठेवली, म्हणजे उरलेले औषध काही प्रमाणात शोषले जाईल. पाचवे, आधी कालवून ठेवलेले २५ लिटर खारे पाणी होते, ते तापमान आणि क्षार जुळवून बदलले. त्या दिवशी माशांना काहीही खायला घातले नाही. निरोगी मोठ्या माशाला एक-दोन दिवस उपास सहज झेपतो. त्याला भुकेपेक्षा घाण पाण्याचा धोका जास्त असतो.

सकाळी अमोनियाची चाचणी केली. तो शून्य असायला हवा, तिथे फिकट हिरवा रंग आला. सलग तीन दिवस थोडे थोडे पाणी बदलल्यावर तो पुन्हा शून्यावर आला.

दुरुस्ती सावकाश करावी लागते

संकट टळल्यावर आम्ही ठरवले की आता बाटली आणायची नाही. आधी मोजायचे, मग कारण शोधायचे, मग एका वेळी एकच बदल करायचा. सगळे एकदम बदलले की कशाने फरक पडला ते कळत नाही. शिवाय वाईट पाण्याला हळूहळू सरावलेल्या प्रवाळाला अचानक आलेले चांगले पाणीसुद्धा मानवत नाही.

सुरुवात खाण्यापासून केली. अम्मी मागच्या वेळी इथे राहून गेल्या तेव्हा त्यांच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा विसरल्या होत्या. तो धुऊन घेतला. आता दर शनिवारी त्यात सात दिवसांचे कोरडे खाणे भरतो. त्या वाराचा खण रिकामा दिसला की त्या दिवसाचे खाणे झाले. मग कोणी कितीही लाडाने काचेशी उभे राहिले तरी दुसऱ्यांदा घालायचे नाही. गोठवलेले खाणे आठवड्यातून दोनदाच, तेही गाळणीत धरून, वितळलेले पाणी मोरीत सोडून. पिशवी धुण्याचे वार फ्रिजवर लिहिले.

मग पाणी बदलायला घेतले. हिशेब सोपा आहे. नायट्रेट ५० असताना पाचवा हिस्सा पाणी बदलले तर ४० उरते. पुन्हा तेवढेच बदलले तर ३२, मग २६ च्या आत, मग २० च्या जवळ. म्हणजे चार वेळा बदलल्यावर ते निम्म्याहून खाली येते, पण मधल्या काळात नव्याने भर पडली नाही तरच. आम्ही दर पाच दिवसांनी ५० लिटर बदलले. चौथ्या खेपेनंतर नायट्रेट २५ वर आले. कागदावरच्या हिशेबापेक्षा थोडे जास्तच, कारण मासे खातच होते. दोन महिन्यांनी ते १० वर स्थिरावले.

फॉस्फेटने मात्र सतावले. पाणी बदलले की कमी व्हायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा वर. खडकांनी महिनाभर जे शोषून घेतले होते ते हळूहळू बाहेर पडत होते. यासाठी लोह ऑक्साइडचे दाणे मिळतात, ते फॉस्फेट धरून ठेवतात. आम्ही सांगितलेल्या मात्रेच्या चौथ्या भागाने सुरुवात केली. फॉस्फेट एकदम खाली आणले तर प्रवाळांना इजा होते. आणि ते पूर्ण शून्यावर आणणे हीही चूकच आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झाले की प्रवाळ उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट तपकिरी सूक्ष्मजीव माजतात. त्यांना काढणे केसाळ शैवालाहून अवघड. जेवणात मीठ हवे, पण बेताने, तसेच हे आहे.

बदलायचे पाणी आणायचे कुठून

पाणी बदलूनही शैवाल हटत नसेल तर बदलायच्या पाण्याकडेच पाहावे. नळाचे पाणी आपल्याला पिण्याजोगे असते, पण त्यात क्लोरीन असते, टाक्या आणि नळांतून तांब्याचे अंश येऊ शकतात, फॉस्फेट आणि सिलिकेटही असू शकते. झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळांना तांबे फार थोडेही सोसत नाही. माशांच्या रोगावरची तांब्याची औषधे म्हणूनच मुख्य टाकीत कधी घालू नयेत. आजारी माशाला वेगळ्या टाकीत काढून औषध द्यावे.

म्हणून आरओ यंत्र वापरतात, त्याला शेवटी डीआय राळेचा एक टप्पा जोडलेला असतो. त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य असायला हवा. आमच्या मीटरवर १८ आला. राळ कधीच संपली होती आणि आम्ही सहा महिने मीटर लावलाच नव्हता. गावाकडे पिण्यासाठी जे आरओ असते त्यात राळेचा टप्पा बहुधा नसतो, हे लक्षात ठेवावे.

इथल्या उन्हाळ्याची आणखी एक अडचण आहे. जून-जुलैमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळातून कढतच येते. आरओच्या पडद्याला साधारण ४५ अंशांच्या वरचे पाणी सोसत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही आधी बादल्यांत पाणी भरून घरात थंड करतो आणि मग छोट्या पंपाने यंत्रात सोडतो.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर पाणी बाहेर टाकते. सुरुवातीला ते सरळ मोरीत जायचे. वुजू करताना, वाहत्या नदीकाठी असलो तरीही, पाणी वाया घालवू नये ही शिकवण आपण मुलांना देतो आणि घरातल्या शौकासाठी रोज बादलीभर चांगले पाणी सोडून देतो, हे मनाला लागले. आता ते पाणी पिंपात साठते. लादी पुसणे, संडास-मोरी धुणे, बाल्कनीतली कढीलिंबाची कुंडी, सारे त्यावर भागते. शौक परवडतो की नाही हे ठरवताना पाण्याचा हिशेबही धरायला हवा.

शुद्ध पाण्यात समुद्री मीठ मिसळायचे. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला पावणेदोन किलोहून थोडे जास्त. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्रात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बरेच काही असते. पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये, नाहीतर काही क्षार साका होऊन तळाशी बसतात. पंप लावून निदान एक रात्र फिरवावे. सकाळी क्षार मोजावेत आणि तापमान २५-२६ अंशांवर जुळवावे.

मीठ उडून जात नाही

मिठागरे पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पाणी उडते, मीठ मागे राहते. एसीच्या कोरड्या हवेत आमच्या टाकीतून रोज तीनेक लिटर पाणी उडते. तीन-चार दिवस भर घालायची राहिली की दहा लिटर कमी झालेले असते आणि क्षारता ३५ वरून साडेछत्तीसच्या जवळ पोहोचते. एकदा पाहुणे म्हणून आलेल्या एका हौशी भावाने पातळी खाली गेलेली पाहून खारे पाणी भरले. तेव्हा क्षारता आणखी चढली. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी साधे शुद्ध पाणी भरायचे, बदललेल्या पाण्याच्या जागी खारे. आता तराफ्यासारखा तरंगणारा एक स्विच बसवला आहे. पातळी उतरली की तो पिंपातून थोडे थोडे शुद्ध पाणी सोडतो.

उन्हाळ्यात दुसरेच दुखणे समोर आले. पाण्याचा पीएच ७.७ वर घसरला. समुद्रात तो ८ च्या थोडा वर असतो. बाटली आणायची नाही हे ठरले होते, म्हणून कारण शोधले. ग्लासभर टाकीचे पाणी बाल्कनीत नेले, हवेचा छोटा पंप लावून तासभर बुडबुडे सोडले आणि पुन्हा मोजले. पीएच ८.१ झाला होता. म्हणजे पाण्यात नाही, खोलीच्या हवेत दोष होता. तीन महिने खिडक्या बंद, सहा माणसे घरात. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळत होता. स्किमरला हवा देणारी नळी खिडकीबाहेर काढली. आठवड्यात पीएच ८ वर आला. खर्च झाला तो नळीचा.

शेवटी कडकपणा, ज्याला हौशी लोक अल्कलिनिटी म्हणतात. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, शिंपल्याच्या जातीचा. कोकणात पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत. प्रवाळ वाढताना पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट खेचून घेतात. कडकपणा २.८ अंशांनी घटतो तेव्हा कॅल्शियम लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम कमी झालेले असते. कडकपणा ७ ते ९ आणि कॅल्शियम ४०० ते ४५० असावे. आमचा कडकपणा ६ पर्यंत उतरला होता. त्यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरमागे दीड-दोन ग्रॅम शुद्ध पाण्यात ढवळायचे, साका बसू द्यायचा आणि वरचे स्वच्छ पाणी रात्री थेंब थेंब सोडायचे. पानाचा चुना मात्र वापरू नये, त्यात काय मिसळले आहे सांगता येत नाही. निवळी फार तीव्र असते. एकदम ओतली तर टाकी जाते, डोळ्यांत उडाली तर इजा करते. मुलांच्या हाती देऊ नये. कडकपणा दिवसाला एका अंशाहून अधिक वाढवू नये.

घरातल्या छोट्या गोष्टी

काही कारणे चाचणीच्या नळीत दिसत नाहीत. ईदच्या दिवशी स्किमरचा फेस एकाएकी बसला. अत्तर लावलेला हात कोणीतरी टाकीत घातला होता. तेल आणि अत्तराने फेस मोडतो. हात घालण्याआधी साध्या पाण्याने कोपरापर्यंत धुवावेत, साबण राहू देऊ नये. झुरळांचा फवारा टाकीच्या खोलीत मारू नये. त्यातली बरीच औषधे माशांना आणि त्याहून जास्त झिंग्यांना घातक असतात. इमारतीत फवारणी असेल त्या दिवशी टाकी झाकावी आणि हवेचे पंप दुसऱ्या खोलीतून हवा घेतील असे पाहावे.

गावाकडच्या वाचकांसाठी

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सुट्टीत गावी जाताना प्रवाळाचा तुकडा, जिवंत वा सुका, भेट म्हणून नेऊ नका, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा कुठल्या दुकानातून घेऊही नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. सिंधुदुर्गातल्या मालवणच्या समुद्रात आपली स्वतःची प्रवाळे आहेत. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. ती तिथेच पाहावीत.

गोड्या पाण्याची टाकी असेल तर चुना, कॅल्शियम आणि क्षार हे सारे बाजूला ठेवा. बाकीचे नियम तेच आहेत. खाणे एकाने, एकदा, बेताचे. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलणे. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात धुणे, म्हणजे उपयोगी जीवाणू मरणार नाहीत. आणि पाणी गढूळ झाले की बाटलीआधी अमोनियाची चाचणी.

लेकीला दिलेले उत्तर

सूरह रहमानमध्ये समुद्रातून निघणाऱ्या मोत्यांबरोबर मरजानचा उल्लेख आहे आणि अनेक भाषांतरकार त्याचा अर्थ प्रवाळ असा घेतात. टाकी आणली तेव्हा आम्ही मुलांना हे मोठ्या कौतुकाने सांगितले होते. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस मात्र तेव्हा आठवली नाही. तिने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही आणि सोडलेही नाही, म्हणून ती गुन्हेगार ठरली. क्रोमिस गेल्यानंतर आठवड्याने लेकीला जवळ घेऊन हीच हदीस सांगितली. म्हटले, "हो बेटा, समुद्रात असता तर तो पोहून गेला असता. आपण त्याला कोंडलं, म्हणून चांगलं पाणी त्याच्याकडे आणायचं काम आपलं होतं. ते आपल्याकडून झालं नाही." तिने विचारले, "मग बाकीच्यांना सोडून द्यायचं का?" तेही करता येत नाही. दूरच्या समुद्रातले मासे आणि प्रवाळे इथल्या पाण्यात सोडली तर बहुधा ती मरतात, आणि जगली तर इथल्या जिवांना उपद्रव करतात. घेतलेली अमानत निभावणे एवढाच मार्ग उरतो. ती जागा आम्ही रिकामीच ठेवली आहे, क्रोमिसच्या बदल्यात दुसरा मासा आणलेला नाही.

आता दर जुम्म्याला नमाजहून परतल्यावर २५ लिटर पाणी बदलतो. मुलगा नळी धरतो, लेक चाचणीचे आकडे वहीत लिहिते. वहीतला सर्वांत पहिला आकडा नायट्रेट ५० आहे, तो तिने लाल पेनाने लिहून ठेवला आहे. अम्मी फोनवर विचारतात, "ओहोटी झाली का?" लेक सांगते, "झाली दादी, भरतीपण झाली."

रमजान पुन्हा जवळ येतो आहे. सात खणांचा डबा या वेळी इफ्तारच्या खजुरांशेजारी ठेवायचे ठरले आहे, म्हणजे सगळ्यांना दिसेल. खाणे इफ्तारनंतर एकदाच, आणि तेही मुलगाच घालेल, इन्शाअल्लाह.